आपण कुणाच्या हद्दीत?

(पौड येथे मुळशी तालुक्यातील ग्रामपंचायत सदस्या आणि बचतगटांच्या कार्यकर्त्या यांच्यासाठी घेतलेल्या एकदिवसीय शिबिरातील भाषणाचे शब्दांकन.)

सकाळी ओळखी चालल्या होत्या तेव्हा मी प्रत्येकीला एकच विचारलं, "तुम्ही कुठल्या?" बहुतेकींनी आधी सासरचं गाव सांगितलं आणि मग जरा थांबून माहेरचं. एक आजी म्हणाल्या, "माहेर मोशाच्या खोऱ्यातलं, सासर मुठ्याच्या." मला ते फार आवडलं. नदीच्या नावानं गाव सांगायची आपल्या मावळातली ही जुनी रीत आहे.

पण मग मी विचारलं, तुमचं पोलीस ठाणं कोणतं? पंचायत समितीचा गण कोणता? जिल्हा परिषदेचा गट कोणता? तेव्हा खोलीत चुळबुळ झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "ते आमच्या ह्यांना ठाऊक!" सगळ्या हसल्या, मीही हसले. आज मला बोलायचं आहे ते या 'ह्यांना ठाऊक'बद्दलच.

हद्दी, नकाशे, गट, गण ही पुरुषांची, पुढाऱ्यांची, साहेबांची कामं, असं आपण धरून चालतो. खरं तर बाईइतक्या हद्दी कुणीच ओलांडत नाही. लग्न झालं की तिचं रेशनकार्ड बदलतं, मतदारयादी बदलते, कधी तालुका तर कधी जिल्हा बदलतो. पुरुष जन्मला त्या गावात म्हातारा होतो. ज्या हद्दी तो एकदाही ओलांडत नाही त्या सगळ्या त्याला पाठ, आणि आपण आयुष्यभर ओलांडत राहतो तरी आपल्याला त्यांची नावं माहीत नाहीत. असं का?

मला हे शहाणपण पुस्तकातून आलेलं नाही. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली. त्यात स्थानिक स्वराज्य संस्थांवर एक पेपर होता, मार्कही बरे पडले होते. नोकरीला लागून दुसरंच वर्ष असेल. शहराच्या कडेला असलेल्या एका वाडीतल्या बाईला नवऱ्यानं रात्री मारून घराबाहेर काढलं. वाडीचं नाव मी सांगत नाही. सकाळी ती दीड वर्षाचं मूल कडेवर घेऊन माझ्याकडे आली. मी तिला जवळ पडेल म्हणून एका ठाण्यात पाठवलं. सोबत चिठ्ठी दिली. स्वतः गेले नाही, कारण मला त्या दिवशी एक बैठक होती.

पहिल्या ठाण्यात तिला सांगितलं, हे आमच्या हद्दीत येत नाही. ती दुसऱ्या ठाण्यात गेली. तिथे म्हणाले, रस्त्याच्या अलीकडचं आमचं, तुझं घर पलीकडे. दोन वेळा रिक्षा, एक बस, दिवसाची मजुरी, सगळं गेलं. संध्याकाळी पोराच्या अंगात ताप भरला. मग ती कुठे जाणार? त्याच घरी परत गेली. चार दिवसांनी मी तिला भेटायला गेले तर म्हणाली, "ताई, तुमच्या कागदावर आमची वाडीच नाही वाटतं कुठं."

चूक ठाण्याची होती तशीच माझीही होती. एवढं शिकून मला तिची हद्द ठाऊक नव्हती. आणि हद्द नसली तरी तक्रार घ्यावीच लागते, हे ठणकावून सांगायला मी तिच्यासोबत नव्हते. त्या दिवसापासून मी नकाशा वाचायला शिकले.

आता आपण सगळ्याजणी मिळून तो वाचू.

आपल्या डोक्यावर एक नाही, तीन-चार शिड्या आहेत. पहिली शिडी महसुलाची, म्हणजे जमिनीची. खाली तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यांच्या वर मंडळ अधिकारी, मग इथे पौडला बसणारे तहसीलदार, मग मावळ-मुळशीचे प्रांत, मग पुण्याचे जिल्हाधिकारी, मग विभागीय आयुक्त. ही शिडी राजेशाहीतून, इंग्रजांच्या राज्यातून चालत आली आहे. या शिडीवरच्या कुणालाही आपण निवडून देत नाही.

दुसरी शिडी आपल्या मतांची. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीनं शिफारस केली, पुढे आपल्याकडे वसंतराव नाईक समिती बसली, १९६१ साली कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्हा परिषदेचा एक सदस्य ज्या भागातून निवडून येतो तो गट. एका गटाचे दोन गण, आणि प्रत्येक गणातून पंचायत समितीचा एक सदस्य. ही शिडी आपली आहे. यावर आपण बसू शकतो, आणि बसलोही आहोत. १९९० साली महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत बायकांना ३० टक्के जागा राखून ठेवल्या. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हा त्या देशभर एक तृतीयांश झाल्या. २०११ साली महाराष्ट्रात निम्म्या झाल्या. आज या खोलीत बसलेल्या सदस्या त्यामुळेच इथे आहेत.

तिसरी शिडी पोलिसांची, चौथी आमदार-खासदारांची. आपला मुळशी तालुका विधानसभेला भोर मतदारसंघात आणि लोकसभेला बारामतीत येतो. म्हणजे आमदारासाठी आपण भोरकर, खासदारासाठी बारामतीकर, जमिनीसाठी मुळशीकर!

या शिड्या एकमेकींशी जुळत असत्या तर काही बिघडलं नसतं. पण त्या जुळत नाहीत. सगळ्यांना ठाऊक असलेली दोन उदाहरणं घेऊ.

बावधन बुद्रुक घ्या. जमिनीच्या दप्तरात हे गाव मुळशी तालुक्यातलं. ३० जून २०२१ रोजी २३ गावं पुणे महापालिकेत घेतली, त्यांत मुळशीतली बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही तीन होती. तेव्हापासून तिथला कर, पाणी, कचरा महापालिकेकडे. पण बांधकामाचं नियोजन त्याच वर्षी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे आपण ज्याला पीएमआरडीए म्हणतो त्याच्याकडे दिलं गेलं. आणि बावधनचं पोलीस ठाणं? ते पुणे शहर पोलिसांकडे नाही, ग्रामीणकडेही नाही, पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे. एकाच घरातली बाई सातबाऱ्यासाठी एका गावाची, नळासाठी दुसऱ्या शहराची आणि तक्रारीसाठी तिसऱ्याच शहराची.

दुसरं हिंजवडी. तिथे उंच काचेच्या इमारती आहेत, देशभरातली मुलं-मुली कामाला येतात. त्या जागा औद्योगिक विकास महामंडळाच्या, गावठाण ग्रामपंचायतीचं, आजूबाजूचं नियोजन पीएमआरडीएचं, पोलीस पिंपरी-चिंचवडचे आणि तहसील पौडचं. पाऊस पडला आणि रस्त्यावर पाणी तुंबलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्या पाण्यातून वाट काढत धुणं-भांडी करायला जाणाऱ्या बाईनं कुणाकडे दाद मागायची?

आता तुम्ही म्हणाल, ताई, या रेषा ओढतं तरी कोण? या मातीत हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला आहे. तेव्हा मुळशी हा तालुकाही नव्हता, हवेली तालुक्याचा पेटा होता, म्हणजे पोटभाग. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांच्या कंपनीनं मुळा आणि निळेच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरवलं. कुठली गावं पाण्याखाली जाणार ती रेषा मुंबईत ठरली. १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापट पुढे होते, मावळे होते, बायकाही होत्या. १९२४ पर्यंत लढा चालला. तरी धरण झालं आणि पन्नासच्या आसपास गावांची जमीन गेली. त्या गावांतल्या बायकांना नकाशा कुणी दाखवला असेल का?

नंतर आपलं राज्य आलं, तरी सवय गेली नाही. आजींच्या माहेरच्या मोशाच्या खोऱ्यात लवासा उभं राहिलं. २००८ साली तिथे नियोजनाचा अधिकार त्याच कंपनीला दिला गेला. २०१७ साली तो काढून पीएमआरडीएकडे दिला. कंपनीला आपण मत देत नाही. पीएमआरडीएचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. ज्या खोऱ्यात ग्रामपंचायती होत्या, ग्रामसभा होत्या, तिथे घर कुठे आणि रस्ता कुठे हे ग्रामसभेबाहेर ठरलं. हद्दीचा खरा अर्थ इथे आहे. जो रेषा ओढतो तो ठरवतो, की तुमचं ऐकायचं कुणी.

हे फक्त आपल्याच देशात होतं असं समजू नका. तुम्हाला नॉर्वेचं सांगते. युरोपच्या वरच्या टोकाला असलेला थंड देश. अख्ख्या देशाची लोकसंख्या सुमारे ५५ लाख. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाखांवर माणसं होती. एवढ्याशा देशात १५ फिल्के आहेत, म्हणजे साधारण आपले जिल्हे, आणि ३५७ कोम्यूने आहेत, म्हणजे नगरपालिका. गाव असो की शहर, दोन्हीला कोम्यूनेच म्हणतात, ग्रामपंचायत वेगळी आणि नगरपालिका वेगळी असा भेद नाही. बालवाडी, प्राथमिक शाळा, म्हाताऱ्या माणसांची देखभाल हे कोम्यूनेचं काम. मोठ्या मुलांच्या शाळा आणि बसगाड्या हे फिल्केचं. कुठलं काम कुणाचं हे साध्या माणसाला सांगता येतं.

त्यातलं उत्सिरा नावाचं एक बेट आहे. जेमतेम दोनशे माणसं, तरी त्यांची स्वतःची नगरपालिका. १९२५ साली तिथे निवडणूक झाली आणि बारा जागांपैकी अकरांवर बायका निवडून आल्या. १९२६ साली ओसा हेल्गेसेन नावाची एक सुईण तिथली नगराध्यक्ष झाली, देशातली पहिली बाई नगराध्यक्ष. ज्या बाईनं गावातली पोरं जन्माला घातली तिच्याच हातात गावाचा कारभार! आपल्याकडे बारामती तालुक्यातल्या निंबूत गावी १९६० च्या दशकात सगळ्या बायकांचीच ग्रामपंचायत होती. आरक्षणाचा कुणी विचारही केला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. ही दोन्ही ठिकाणं लहान आहेत. जिथे निर्णयाची जागा घराजवळ असते, जिथे उमेदवार बाईला सगळे ओळखत असतात, तिथे पैसा आणि गाडी नसलेली बाईही उभी राहू शकते.

१९७१ साली तर तिथल्या बायकांनी मोठीच गंमत केली. त्यांच्याकडे मतपत्रिकेवरच्या यादीतली नावं मतदाराला खोडता येत होती. पक्षांनी पुरुषांची नावं वर ठेवायची आणि बायकांची खाली, हे ठरलेलं. बायकांनी एकमेकींत गाठी घातल्या, पुरुषांची नावं खोडली, आणि राजधानी ऑस्लो, ट्रॉन्डहाइम आणि आस्केर या तीन ठिकाणी बायकांचं बहुमत झालं. पुरुषांनी त्याला 'बायकांचं बंड' म्हटलं. पेन्सिलीनं केलेलं बंड!

पण मला तुम्हाला सांगायचं आहे ते पुढचं. नॉर्वेच्या सरकारनं ठरवलं, की जिल्हे फार झाले, एकत्र करू. १९ होते ते २०२० साली ११ केले. उत्तरेच्या फिनमार्क नावाच्या जिल्ह्यातल्या लोकांनी २०१८ मध्ये आपलं मतदान घेतलं. ८७ टक्के लोकांनी सांगितलं, शेजारच्या ट्रोम्सला जोडू नका. सरकारनं तरी जोडलं. लोकांनी विषय सोडला नाही. सरकार बदललं, आणि १ जानेवारी २०२४ रोजी फिनमार्क पुन्हा वेगळा झाला. आणखी दोन जोडलेले जिल्हे त्याच दिवशी सुटे झाले. म्हणून आज ते १५ आहेत. सरकारनं ओढलेली रेषा काही देवानं ओढलेली नसते, ती पुसताही येते.

आता आपल्याकडे या. आपली गावं महापालिकेत घेताना आपलं मतदान होत नाही. शासन प्रारूप अधिसूचना काढतं, हरकती आणि सूचना मागवतं आणि मुदत संपली की निर्णय घेतं. ती अधिसूचना किती बायकांनी वाचलेली असते? हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे ही आपली गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेण्याची चर्चा गेली कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा उठते आहे. चावडीवर, हॉटेलात, लग्नात पुरुष बोलत असतात. जमिनीचा भाव काय होईल, हा त्यांचा पहिला प्रश्न. आपला पहिला प्रश्न काय असायला हवा?

मघाशी जेवताना एक सदस्या मला म्हणाली, "ताई, मला तर महापालिकाच पाहिजे. टँकरच्या मागे धावून कंटाळले. नळ आला तर मी ग्रामपंचायत सोडायला तयार आहे." तिचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पाणी भरते बाई, कचऱ्याच्या ढिगाशेजारी राहते बाई, बाळंतपणाला दवाखाना लागतो बाईला. शहर आलं तर बस येते, दिवे येतात, मुलीला कॉलेजला जाता येतं. मी कुणाला गावातच राहा असं सांगायला आलेले नाही. पण घ्यायचं काय आणि द्यायचं काय, याचा हिशेब आधी मांडू या. बाजारात आपण पाव किलो वांगी घेताना मांडतो, मग इथे का नाही?

गाव महापालिकेत गेलं की पहिली जाते ती ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि नियमित ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिलासभा घ्यावी लागते, असा आपल्या राज्याचा कायदा आहे. ती कागदावर उरकतात, हे मला माहीत आहे. सह्या घरोघर फिरवतात. तरी ती आहे, आणि तिथे उठून बोलायचा तुमचा हक्क आहे. शहरात असं काही नाही. क्षेत्रसभेची तरतूद २००९ साली महापालिकेच्या कायद्यात आली, पण बसलेली क्षेत्रसभा मी अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही.

दुसरी गोष्ट, निवडून यायची जागा. गावात सात, नऊ, अकरा सदस्य असतात आणि त्यांतल्या निम्म्या बायका. वॉर्ड इतका लहान की पायी प्रचार होतो. महापालिकेत २०१७ साली पुण्यात चार-चार नगरसेवकांचे प्रभाग होते. निम्म्या जागा तिथेही बायकांच्याच, पण तो प्रभाग हजारो मतदारांचा. आपल्यातली बचतगटाची अध्यक्ष तिथे कशाच्या जोरावर उभी राहणार? आणि ती जागा तरी कुठे होती? पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुणे जिल्हा परिषदेचीही त्याच महिन्यात. त्यानंतर २०२५ साल सरलं तरी मतदान झालेलं नव्हतं, सगळा कारभार प्रशासकाकडे. बावधन, सूस, म्हाळुंग्याच्या बायकांचं पाहा. ग्रामपंचायत २०२१ मध्ये गेली आणि पुढची चार वर्षं त्यांनी स्वतः निवडून दिलेला नगरसेवक नव्हता. कर मात्र भरायचा होता.

तिसरी गोष्ट, कामं आणि पैसा. रोजगार हमीचं काम गावात मागता येतं, महापालिकेच्या हद्दीत नाही. बचतगट गावात 'उमेद'शी जोडलेले असतात, शहराचं अभियान वेगळं. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, महापालिकेत ते प्रमाण पाच टक्के आहे. महापालिकेची तिजोरी मोठी, हे खरं. पण त्या तिजोरीपर्यंत आपला हात पोचतो का, हेही बघायला हवं.

चौथी गोष्ट फार बारीक आहे, म्हणून नीट ऐका. २००३ साली शासनानं ठरवलं, की ग्रामपंचायतीच्या दप्तरात घर नवरा आणि बायको दोघांच्या नावानं लावायचं. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी खेटे घालून नाव लावून घेतलं आहे. गाव महापालिकेत गेलं की ही नोंद मिळकतकराच्या दप्तरात जाते. तेव्हा जुना नमुना आठचा उतारा जपून ठेवा आणि नव्या बिलावर आपलं नाव आहे का ते स्वतः बघा. हद्द सरकताना बाईचं नाव गळून पडलं तर कुणाला चुकल्यासारखंही वाटत नाही.

मग करायचं काय? मी चार कामं सांगते.

एक. घरी गेल्यावर एका कागदावर आठ नावं लिहा. ग्रामपंचायत आणि आपला वॉर्ड, गण, गट, तलाठ्याचा सजा, प्राथमिक आरोग्य केंद्र, पोलीस ठाणं, आमदाराचा मतदारसंघ, आणि तालुक्याचे संरक्षण अधिकारी, म्हणजे घरगुती हिंसेच्या कायद्याखाली नेमलेले अधिकारी. हा कागद रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवा. ह्यांना विचारून लिहिलात तरी चालेल, पण अक्षर तुमचं हवं.

दोन. हद्दीच्या नावाखाली कुणी परत पाठवलं तर परत यायचं नाही. तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, शून्य क्रमांकानं नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात हे स्पष्ट लिहिलं आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात तर बाईला मोकळीकच आहे. ती जिथे कायमची किंवा तात्पुरती राहते, जिथे काम करते, जिथे नवरा राहतो किंवा जिथे छळ झाला, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे तिला अर्ज करता येतो. आणि सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं, की छळाला कंटाळून बाई माहेरी आश्रयाला आली असेल तर सासरच्या छळाची तक्रार तिला माहेरच्या गावीही करता येते. मारहाण सासरी झाली तरी तिचं दुखणं ती माहेरी सोबत आणते, हे न्यायालयानं ओळखलं. हे सगळं मला त्या सकाळी तोंडपाठ असतं आणि बैठक सोडून मी तिच्याबरोबर गेले असते तर!

नॉर्वेमध्ये २०१० पासून कायदाच आहे, की प्रत्येक कोम्यूनेनं मार खाणाऱ्या बाईसाठी निवाऱ्याची सोय करायची. दोनशे वस्तीचं गाव असलं तरी जबाबदारी टळत नाही. शेजारच्या गावाबरोबर मिळून करा, पण करा. आपल्याकडे ही मागणी आपण का करू नये? पंचायत समितीत बसणाऱ्या मैत्रिणींनो, हा ठराव तुम्ही मांडू शकता.

तीन. गावाची हद्द बदलायची अधिसूचना निघाली, की हरकतीची मुदत संपायच्या आत महिलासभा बोलवा. पाणी किती दिवसांत देणार, अंगणवाडीचं काय होणार, बचतगटांचं काय, निवडणूक कधी, हे प्रश्न लिहून ठराव करा आणि त्याची प्रत पोच घेऊन द्या. महापालिका हवी असेल तर हवी म्हणा, नको असेल तर नको म्हणा. पण बायकांनी काय म्हटलं हे दप्तरात राहिलं पाहिजे. तुमच्या ठरावानं शासन बांधलं जाणार नाही, हे मी लपवत नाही. फिनमार्कच्या लोकांचंही पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. पण त्यांच्याजवळ मोजलेली मतं होती, म्हणून त्यांना पुन्हा उभं राहता आलं.

चार. आज इथे जमिनीवर तुम्ही रांगोळीनं तालुका काढणार आहात. मुळा, मुठा, मोसे आधी काढा, त्या तुम्हाला न सांगता येतात. मग त्यावर ग्रामपंचायती, मग ठाणी. कुठली रेषा कुठे जुळत नाही ते तुम्हालाच दिसेल. जिथे जुळत नाही तिथे खडा ठेवा. त्या प्रत्येक खड्यापाशी एखादी बाई अडकलेली असते, हे लक्षात ठेवा.

ती वाडीतली बाई मला नंतरही भेटत राहिली. तिचं मूल आता शाळेत जातं. मागच्या वर्षी तिच्या शेजारणीवर तशीच वेळ आली. या वेळी तिनं मला फोनसुद्धा केला नाही. शेजारणीला घेऊन स्वतः ठाण्यात गेली. 'हद्द आमची नाही' असं तिथे म्हणताच खाली बसली आणि म्हणाली, "हद्द तुम्ही शोधा, तोवर आम्ही इथेच बसतो. आधी लिहून घ्या." दोन तासांनी लिहून घेतलं.

मला हे तिनं महिन्यानंतर, बाजारात भेटल्यावर सांगितलं. सहज, भाजी निवडता निवडता. आणि वर म्हणाली, "ताई, आता आमची वाडी कागदावर आली बघा."

चला, रांगोळी घ्या. मुळेपासून सुरुवात करू.